ॲप घराचे, हिरे ज्याचे त्याचे

घरातल्या एकाने विकत घेतलेले ॲप बाकीच्यांना पुन्हा पैसे न मोजता वापरता यावे, ही सोय ॲपलने सप्टेंबर २०१४ मध्ये आयओएस ८ बरोबर 'फॅमिली शेअरिंग' या नावाने आणली. गुगलची 'फॅमिली लायब्ररी' जुलै २०१६ मध्ये आली. दोन्हीकडे कुटुंब म्हणजे जास्तीत जास्त सहा जण, आणि त्यांतला एक कर्ता. अट आहे ती देशाची. सगळ्यांची खाती एकाच देशातल्या दुकानाशी जोडलेली हवीत. त्यामुळे साताऱ्यात राहणारे आईवडील आणि न्यू जर्सीत स्थायिक झालेला मुलगा रोज व्हिडिओ कॉलवर एकत्र जेवत असले, तरी प्ले स्टोअरच्या दफ्तरी ती दोन घरे आहेत. एका वेळी एकाच कुटुंबात राहता येते आणि ते सोडून दुसऱ्यात जायचे तर वर्षातून एकदाच.

खरेदीची नोंद ज्याने पैसे भरले त्याच्या खात्यावर राहते. बाकीचे आपापल्या खात्यातून तेच ॲप उतरवून घेतात. एकाने वापरायला घेतले म्हणून दुसऱ्याचे अडत नाही. सहाही जण एकाच वेळी तोच गेम खेळू शकतात. खेळातली प्रगती मात्र ज्याची त्याची. आईने घेतलेला गेम मुलीने उतरवला, तर मुलगी पहिल्या पातळीपासूनच सुरुवात करते. गुगलच्या बाबतीत एक तारीख महत्त्वाची आहे: २ जुलै २०१६ च्या आधी घेतलेली ॲप वाटून घेता येतील की नाही, हे ती बनवणाऱ्याच्या मर्जीवर आहे. ॲपलकडे ॲप वाटून घेता येत असेल, तर त्याच्या पानावर खाली फॅमिली शेअरिंगची नोंद असते. जे इतरांना दिसायला नको, ते यादीतून लपवताही येते.

कुटुंब सोडले की दुसऱ्याच्या नावावरची ॲप चालेनाशी होतात. यात एक खोच आहे, ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. वडिलांनी घेतलेला गेम मुलाने उतरवला आणि त्याच्या आत स्वतःच्या पैशाने काही विकत घेतले, तर कुटुंबातून बाहेर पडल्यावर ती आतली खरेदी मुलाची असूनही त्याच्या हाती लागत नाही. ती परत हवी तर मूळ गेम त्याला नव्याने विकत घ्यावा लागतो.

पैसे कोणी द्यायचे, इथे दोन कंपन्यांच्या वाटा वेगळ्या होतात. ॲपलच्या मूळ रचनेत एकत्र खरेदी सुरू केली की सगळ्यांची बिले कर्त्याच्या नावे फाटत. सदस्याच्या खात्यात शिल्लक असेल तर आधी ती वापरली जायची, नंतर कर्त्याच्या पैशांना हात लागायचा. हा नियम मुलांपुरता नव्हता. कमावत्या मेहुण्याने काही घेतले, तरी तेही कर्त्याच्याच माथी. गुगलने प्रौढांना आपापले पैसे भरून घेतलेली वस्तू कुटुंबाच्या कपाटात ठेवण्याची मोकळीक दिली. सामाईक पैशांची सोय आहे, पण सक्ती नाही. घरातल्या प्रौढांचे पैशाचे व्यवहार स्वतंत्र असतात, हे गुगलला आधी उमगले असे म्हणायला हरकत नाही.

मुलांसाठी परवानगीची पायरी आहे. ॲपलच्या 'आस्क टू बाय'मध्ये मुलाने खरेदीचे बटण दाबले की पालकाच्या फोनवर विचारणा येते आणि चोवीस तासांत उत्तर दिले नाही तर ती आपोआप रद्द होते. मात्र आधी घेतलेले ॲप पुन्हा उतरवले, घरातल्या कोणी वाटून दिलेले घेतले किंवा रिडीम कोड वापरला, तर विचारणा येतच नाही. गुगलची मंजुरीही प्ले स्टोअरच्या स्वतःच्या बिलातून गेलेल्या खरेदीपुरतीच चालते. गेम कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन थेट पैसे भरले, तर पालकाच्या फोनला त्याचा पत्ता नसतो.

इथवरची सगळी यंत्रणा उभी आहे ती एका गृहीतावर, की ॲप ही विकत घ्यायची वस्तू आहे. गेमच्या बाजारात हे गृहीत यंत्रणा येण्याआधीच ढासळले होते.

ॲपलचे ॲप स्टोअर १० जुलै २००८ रोजी सुमारे ५०० ॲप घेऊन उघडले. त्या पहिल्या दिवसांत सेगाचा 'सुपर मंकी बॉल' ९.९९ डॉलरला विकला जात होता. काही महिन्यांतच भाव घसरून ९९ सेंटवर आले. कारण दुकानाच्या मांडणीतच होते. ग्राहकाला सर्वांत आधी दिसायची ती सर्वाधिक खपाच्या ॲपची यादी, आणि त्या यादीत वर चढायचे तर किंमत उतरवणे हा सर्वांत सोपा मार्ग. एक प्रत जास्त विकली म्हणून बनवणाऱ्याचा खर्च वाढत नाही, त्यामुळे भाव किती खाली न्यायचा याला तळ नव्हता. डिसेंबर २००९ मध्ये आलेला 'अँग्री बर्ड्स'ही ९९ सेंटलाच मिळत होता. शिवाय एकदा घेतलेल्या ॲपच्या पुढच्या सुधारणा कायम फुकट द्यायच्या, नव्या आवृत्तीसाठी जुन्या ग्राहकाकडून थोडे पैसे घ्यायची सोय नाही, हीही अडचण. वर्षानुवर्षे दुरुस्त्या करत राहायच्या आणि उत्पन्न मात्र एकदाच.

यातून सुटण्याचा दरवाजा ॲपलनेच उघडला. २००९ च्या जूनमध्ये विकतच्या ॲपच्या आत आणखी काही विकायची परवानगी मिळाली आणि ऑक्टोबरमध्ये ती फुकट ॲपनाही लागू झाली. मोबाइल गेमच्या अर्थकारणाचा इतिहास लिहायचा तर तो या ऑक्टोबरपासूनच खऱ्या अर्थाने सुरू होतो. आता प्रवेश मोफत ठेवून आत दुकान मांडता येत होते. दहा रुपये खर्चणाऱ्याकडून दहा आणि दहा हजार खर्चणाऱ्याकडून दहा हजार, असे एकाच गेममधून घेता येऊ लागले. छापील किमतीला हे कधीच जमले नसते. खेळणाऱ्यांतले बहुसंख्य एक पैसाही देत नाहीत. थोडे लोक भरपूर देतात आणि त्यांच्यावर सगळ्यांचा खेळ चालतो.

आत विकल्या जाणाऱ्या वस्तू ढोबळमानाने तीन जातींच्या असतात. पहिली, वापरली की संपणारी: जेम, सोन्याच्या विटा, जादा जीव. दुसरी, एकदा घेतली की कायम राहणारी: जाहिराती काढून टाकणे, पुढच्या पातळ्या उघडणे. तिसरी, महिन्याची वर्गणी. ही वाटणी तांत्रिक वाटली तरी कुटुंबाच्या दृष्टीने निर्णायक आहे, कारण फॅमिली शेअरिंग सुरू झाले तेव्हा ॲपमधली खरेदी त्यात नव्हतीच, मग ती कोणत्याही जातीची असो.

निन्टेन्डोचा 'सुपर मारिओ रन' १५ डिसेंबर २०१६ रोजी आयफोनवर आला. निन्टेन्डोने जाणूनबुजून साधा सौदा ठेवला होता: पहिल्या तीन पातळ्या फुकट, पुढचा सगळा गेम एकदाच ९.९९ डॉलर भरून कायमचा. भारतात हाच आकडा ६२० रुपये होता. हिरे नाहीत, लॉटरी नाही. पण गेम उतरवायला मोफत होता आणि ६२० रुपयांची खरेदी आत होत होती. म्हणून वाटून घेण्याच्या नियमात ती बसत नव्हती; घरात तीन मुले आपापल्या खात्यांवर खेळणार असतील, तर तीनदा ६२० रुपये. हाच गेम बाहेर ६२० रुपयांची पाटी लावून विकला असता, तर एका खरेदीत सहा जणांचे काम झाले असते. पैसे दाराबाहेर घेतले की आत, एवढ्यावर घराचा खर्च तिप्पट झाला. खेळाडूंनी एकूणच या किमतीबद्दल नाराजी दाखवली आणि पैसे भरणाऱ्यांचे प्रमाण आपल्या अपेक्षेपेक्षा कमी राहिल्याचे निन्टेन्डोनेही मान्य केले. उघडपणे एकरकमी किंमत सांगणाऱ्या गेमला महाग म्हटले गेले, आणि महिन्यागणिक त्याहून जास्त पैसे काढणारे गेम 'फुकट' म्हणून फोनवर राहिले.

लंडनच्या 'असटू' या संस्थेच्या 'मॉन्युमेंट व्हॅली'चे आकडे दुसरी बाजू दाखवतात. एप्रिल २०१४ मध्ये ३.९९ डॉलरला आलेला हा गेम बनवायला साडेआठ लाख डॉलर लागले होते. जानेवारी २०१५ मध्ये संस्थेने हिशेब उघड केला, तेव्हा उत्पन्न ५८ लाख डॉलरच्या वर गेले होते. अधिकृत विक्री सुमारे २४ लाख प्रतींची. पण गेम बसवलेली उपकरणे एक कोटीच्या वर. अँड्रॉइडवर बसवलेल्यांपैकी फक्त ५ टक्क्यांचे पैसे मिळाले होते आणि आयओएसवर ४० टक्क्यांचे. हे वाचून चोरीचीच ओरड झाली. त्यात चोरी होतीच. पण एकाच ग्राहकाचा फोन आणि टॅबलेट, आणि घरात रीतसर वाटून घेतलेल्या प्रतीही त्याच मोजणीत होत्या. त्याआधी नोव्हेंबर २०१४ मध्ये असटूने आठ नव्या पातळ्यांची पुरवणी १.९९ डॉलरला काढली, तेव्हा "पुन्हा पैसे कसले?" म्हणून काही ग्राहकांनी एकतारांकित शेरे ठोकले. आयफोनवर वाटून घेणाऱ्या घरांना तर विचित्र अनुभव आला असणार: मूळ गेम सगळ्यांचा, पुरवणी मात्र ज्याने पैसे भरले त्याची.

ही विसंगती ॲपलने २०२० च्या डिसेंबरमध्ये अर्धीमुर्धी दूर केली. कायम राहणारी खरेदी आणि आपोआप नूतनीकरण होणारी वर्गणी, या दोन्ही कुटुंबात वाटायची मुभा मिळाली; निर्णय मात्र ॲप बनवणाऱ्याचा. एकदा मुभा दिली की ती मागे घेता येत नाही, त्यामुळे गेमवाले बटण दाबण्यापूर्वी दहा वेळा विचार करतात. गुगलच्या फॅमिली लायब्ररीत ॲपमधली खरेदी वाटली जात नाही. आणि संपणारी खरेदी कोणीच वाटू देत नाही. एका परीने ते रास्तही आहे. मोबाइलचा रिचार्ज जसा एकाच नंबरला लागतो, तसे हे हिरे एकाच खेळाडूला लागतात आणि वापरले की संपतात. बाजाराचा मोठा गल्ला या संपणाऱ्या मालावर भरतो, ही खरी गोष्ट.

या मालाचे भाव कसे लावलेले असतात, ते जवळून पाहण्यासारखे आहे. फिनलंडच्या सुपरसेलचा 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' घ्या. अमेरिकेतल्या भावाप्रमाणे ९९ सेंटला ८० जेम, ४.९९ डॉलरला ५००, ९.९९ ला १,२००, आणि अशा पायऱ्या चढत ९९.९९ डॉलरला १४,०००. तळाच्या पायरीवर डॉलरला ८१ जेम पडतात, सर्वांत वरच्या पायरीवर १४०. घाऊक घेतले की स्वस्त, हे किराणा दुकानातही असते. पण तिथे तांदूळ कशाला लागणार हे ठाऊक असते. इथे शंभर डॉलरची पायरी बहुतेकांसाठी विकत घेण्यासाठी नसतेच. ती शेजारी दिसली की पाच डॉलर किरकोळ वाटू लागतात.

पैशाचे आधी जेममध्ये रूपांतर करण्यातही हिशेब आहे. फ्री फायरमध्ये डायमंड, बीजीएमआयमध्ये यूसी, फोर्टनाइटमध्ये व्ही-बक्स. एखादी बंदुकीची स्किन ४०० यूसीला आहे, म्हणजे रुपयात किती, हा भागाकार खेळाच्या भरात कोणी करत नाही. वस्तूंचे दर आणि चलनाची पाकिटे एकमेकांशी नेमकी जुळत नाहीत. फोर्टनाइटचा बॅटल पास अनेक वर्षे ९५० व्ही-बक्सला होता आणि पाकीट १,००० चे. उरलेले ५० वाया जाऊ नयेत म्हणून पुढचे पाकीट. 'कँडी क्रश सागा'ची तऱ्हा निराळी. त्यात पाच जीव मिळतात आणि गमावलेला एक जीव परत यायला ३० मिनिटे लागतात. इथे विकली जाते ती वाट न पाहण्याची सोय. दुपारच्या वेळी आजीने कँडी क्रश लावला आणि पाचही जीव संपले, तर तिच्यापुढे तीन पर्याय: अर्धा तास थांबणे, मित्रमंडळींकडे जीव मागणे किंवा पैसे भरणे. बहुतेक आज्या थांबतात, आणि गेमला ते चालते; कंटाळून निघून न गेलेला खेळाडू उद्याचा ग्राहक असतो. नशिबावर वस्तू देणाऱ्या पेट्यांचे प्रकरण याहून गंभीर. बेल्जियमने २०१८ मध्ये त्या जुगारात मोडतात असे ठरवले. ॲपलने त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये अशा पेट्यांतून काय मिळण्याची शक्यता किती, हे जाहीर करणे बंधनकारक केले होते.

भारतात भाव लावताना परदेशी पट्टी चालत नव्हती. २०१५ च्या जुलैमध्ये गुगलने इथली किमान किंमत ५० रुपयांवरून १० रुपयांवर आणली, आणि पुढे ॲपलनेही तोच आकडा स्वीकारला. या दहा-वीस रुपयांच्या पाटीमागे कर आणि दुकानाचा कट असतोच. ढोबळ हिशेब असा: १०० रुपयांच्या किमतीतून १८ टक्के जीएसटी वेगळा काढला की पावणेपंच्याऐंशी रुपये उरतात. त्यावर दुकानाने ३० टक्के घेतले तर बनवणाऱ्याच्या हाती साधारण ५९ रुपये येतात, १५ टक्के घेतले तर ७२. हा १५ टक्क्यांचा सवलतीचा दर ॲपलने जानेवारी २०२१ पासून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत कमावणाऱ्या छोट्या कंपन्यांना दिला. गुगलने त्याच वर्षी जुलैपासून प्रत्येकाच्या पहिल्या दहा लाख डॉलरना.

मुलांच्या हातून होणाऱ्या खर्चाचा प्रश्न अमेरिकेत आधी पेटला. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनपुढे आलेल्या तक्रारींत एका आईची होती. तिच्या मुलीने 'टॅप पेट हॉटेल' या गेममध्ये २,६०० डॉलर उडवले होते. पालकाने एकदा पासवर्ड टाकला की पुढची पंधरा मिनिटे कितीही खरेदी पासवर्डशिवाय होत होती, आणि हे पालकांना सांगितलेले नव्हते. जानेवारी २०१४ मध्ये ॲपलने किमान ३ कोटी २५ लाख डॉलर ग्राहकांना परत करण्याचे मान्य केले. सप्टेंबरमध्ये गुगलने किमान १ कोटी ९० लाख. तिथे मोकळीक तीस मिनिटांची होती. त्याच नोव्हेंबरमध्ये ॲपलने मोफत ॲपच्या बटणावरचा 'फ्री' शब्द काढून 'गेट' लिहिले.

भारतात कार्डाच्या व्यवहाराला ओटीपी आणि यूपीआयला पिन लागतो, त्यामुळे अमेरिकेसारखी पंधरा मिनिटांची लूट इथे तशी अवघड. आपोआप पैसे कापण्यावर रिझर्व्ह बँकेचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले आणि २०२२ मध्ये ॲपलने इथे डेबिट-क्रेडिट कार्डे घेणेच थांबवले; उरले यूपीआय, नेटबँकिंग आणि खात्यातली शिल्लक. भोक पडते ते या शिल्लकीपाशी. वाढदिवसाला मिळालेला पाचशेचा रिडीम कोड एकदा खात्यात भरला की त्यातून खर्च करताना ओटीपी येत नाही. दुसरे असे की अनेक घरांत मुलांना स्वतःचे खाते नसतेच. आईच्या नाहीतर आजोबांच्या फोनवर, त्यांच्याच खात्यातून खेळ चालतो. तिथे सहा जणांचे कुटुंब आणि परवानगीची विचारणा या गोष्टी कागदावरच राहतात. कामाला येते ती प्ले स्टोअरच्या सेटिंगमधली एक ओळ, प्रत्येक खरेदीआधी ओळख तपासा. आणि मुलाला यूपीआयचा पिन माहीत नसणे.

जुलै २०२१ मध्ये आलेल्या बीजीएमआयने अठरा वर्षांखालच्यांसाठी दिवसाला ७,००० रुपयांची खर्चमर्यादा ठेवली. कोणत्या मध्यमवर्गीय घराचा हिशेब धरून हा आकडा काढला, ते कळत नाही. अल्पवयीनाने केलेला करार १८७२ च्या भारतीय करार कायद्याखाली निरर्थक ठरतो, हे प्रिव्ही कौन्सिलने मोहोरी बीबी खटल्यात १९०३ मध्येच सांगितले. पण खाते पालकाच्या नावावर असेल, तर खरेदी मुलाने केली हे पटवून देण्याचे काम पालकाचे. व्यवहारात आधार दुकानाच्या परताव्याच्या नियमांचा असतो. गुगलकडे ४८ तासांच्या आत मागणी करणे सर्वांत सोयीचे. अनोळखी व्यक्तीने केलेल्या व्यवहाराची तक्रार १२० दिवसांपर्यंत करता येते. ॲपलकडे 'रिपोर्ट अ प्रॉब्लेम'च्या पानावरून मागणी करावी लागते. दोन्हीकडे अंतिम शब्द दुकानाचा.

नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला चकवणाऱ्या तेरा क्लृप्त्यांवर मार्गदर्शक नियम काढले. 'फक्त दहा मिनिटे शिल्लक' अशी खोटी घाई आणि सहज बाहेर पडता येणार नाही अशी वर्गणी, हे दोन्ही त्यांत आहेत. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून पैसे जिंकायचे खेळ बंद केले. नुसते प्रवेशशुल्क किंवा वर्गणी घेणारे, जिंकल्यावर पैसे न देणारे खेळ त्याच्या तडाख्यात येत नाहीत.

घराला सोयीची अशी किंमत शेवटी वर्गणीच्या रूपाने आली. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या ॲपल आर्केडची भारतातली किंमत महिन्याला ९९ रुपये ठेवली गेली. त्यातल्या गेममध्ये जाहिराती नाहीत, आत काही विकत घ्यायचे नाही आणि सहाही जणांना तेवढ्यातच खेळता येते. गुगलचा प्ले पास भारतात २०२२ मध्ये महिना ९९ रुपये किंवा वर्षाला ८८९ रुपये या दराने आला आणि तोही पाच जणांबरोबर वाटता येतो. चार-पाच जण खरोखर खेळणारे असतील तर माणशी वीस-पंचवीस रुपये पडतात. एकच मूल दोन गेम खेळत असेल तर ते दोन गेम सरळ विकत घेणे बरे. वर्गणी थांबली की गेम उघडत नाहीत. एखादा गेम यादीतून काढला गेला, तर वर्गणी चालू असूनही तो हातचा जातो. 'मॉन्युमेंट व्हॅली'चा तिसरा भाग डिसेंबर २०२४ मध्ये फोनवर आला तो ३.९९ डॉलरची पाटी लावून नव्हे, तर नेटफ्लिक्सच्या वर्गणीतून.